काकांच्या काळजाचे दोन फोटो

माणसांची तोंडं आमच्या फोटोवाल्या काकांच्या लक्षात कधीच राहिली नाहीत. बरगडी मात्र एकदा पाहिली की ती ते जन्मभर विसरत नसत. हिंगोली नुसता तालुका होती तेव्हापासून ती जिल्हा होऊन चौकाचौकात गतिरोधक येईपर्यंत, तीसेक वर्षं ते एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढत होते. खेड्यापाड्यातला माणूस आमच्याकडं एक्स-रेला ‘फोटू’च म्हणतो, म्हणून काका फोटोवाले. लग्नामुंजीचे फोटो काढणाऱ्याला आमच्या गल्लीत ‘तो दुसरा फोटोवाला’ म्हणत, आणि काकांना ते मनातून फार आवडे. एकदा औंढ्याला एका लग्नात एक गृहस्थ ‘रामराम काका’ म्हणत पुढं आले. काकांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की बिचारा ओशाळला. मग काकांनी भर मांडवात हात लांब करून त्याच्या सदऱ्यावरून दोन बोटं फिरवली आणि एकदम खुलले. “डाव्या अंगाची सातवी! बैलानं मारलं होतं तुमाला! जवळा बाजारचे न्हाई का तुमी?” ते जवळा बाजारचेच होते. बरगडी बराबर सांधली की नाही याची चौकशी झाली, दोघं एका पंगतीला बसले, पोटभर जेवले. त्या माणसाचं नाव काय, हे काकांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

मला हे सगळं ठाऊक, कारण त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू होतो. मी शाळामास्तर, नुकतंच लग्न झालेलं. खोल्या चांगल्या होत्या. फक्त खिडक्यांना काचांऐवजी काकांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्मा ठोकल्या होत्या. काच फुटते, फिल्म फुटत नाही, शिवाय ऊन निवून आत येतं, हे त्यांचं शास्त्र. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कवटी होती. सकाळी सूर्य वर आला की ती समोरच्या भिंतीवर पडायची, दळदार, जबड्यासकट. माझ्या बायकोनं आठ दिवस सहन केलं आणि नवव्या दिवशी काकांना गाठलं. “काका, या बाईच्या कवटीसमोर बसून मला चहा गोड लागत नाही.” काका दुखावले. “सूनबाई, बाई कुठली? पुसेगावचे पाटील हायेत ते. लई सज्जन माणूस.” त्यांनी दुसऱ्या दिवशी कवटी काढली आणि तिथं एक गुडघा लावून दिला. गुडघ्याची आम्हांला पुढं सवय झाली. पाहुणे आले की माझी बायको म्हणायची, “तिकडं गुडघ्याखाली बसा, वारं लागतं.”

तीस वर्षं रोज शेदीडशे वेळा एकच वाक्य म्हटल्यावर ते वाक्य माणसाच्या अंगात शिरतं. ‘श्वास घ्या... धरा... हलू नका... सोडा.’ काका ते कुठंही म्हणत. काकू सुईत दोरा ओवायला बसल्या की मागून आवाज यायचा, ‘धरा... हलू नका.’ न्हाव्यानं वस्तरा गळ्याशी नेला की काका स्वतःच श्वास घेऊन धरत. आमच्या शाळेनं एकदा सगळ्या शिक्षकांचा फोटो काढायचं ठरवलं आणि तो दुसरा फोटोवाला आला नाही. मी काकांना घेऊन गेलो. त्यांनी कॅमेऱ्यामागून अशा जरबेनं ‘श्वास घ्या!’ म्हटलं की मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी घेतला. ‘सोडा’ म्हणायला काका विसरले, कारण फिल्म अडकली होती. तो फोटो अजून शाळेत लावलेला आहे. त्यात आम्ही बावीस शिक्षक छाती फुगवून, डोळे वटारून उभे आहोत, आणि चित्रकलेच्या सरांचं वरचं बटण तुटलेलं दिसतं.

काकू या सगळ्याला पुरून उरल्या होत्या. लहानखुऱ्या, चपळ, तोंडानं फटकळ. “मला बघायला आले तवा यांनी मान वर करून पाहिलं न्हाई,” त्या माझ्या बायकोला सांगायच्या. “निघताना एवढंच विचारलं, खोकला हाय का?”

पण काकांचा खरा सिद्धांत वेगळाच होता, आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या घरातून कुणाची सुटका नव्हती. एका फोटोवर विश्वास ठेवू नये. कमीत कमी दोन काढावेत, आणि एकमेकांवर ठेवून पाहावेत. या सिद्धांताला पुरावा एका मेंढीचा होता. मेंढरं राखणारी एक म्हातारी एकदा मेंढी खांद्यावर टाकून दवाखान्यात आली. सुनेचं चांदीचं जोडवं मेंढीनं गिळलं, असं तिचं म्हणणं होतं. मेंढी कापायची की राहू द्यायची, यावरून घरात सासूसुनेचं तीन दिवस जेवण बंद होतं. डॉक्टर परभणीला गेले होते. काकांनी मेंढीला टेबलावर घेतलं, ‘श्वास धरा’ म्हटलं, तिनं धरला नाही तरी फोटो काढला. वरून काढलेल्या फोटोत जोडवं पोटात, अगदी मधोमध. म्हातारी रडायला लागली. काका म्हणाले, थांब माय. मेंढीला आडवी करून त्यांनी दुसरा फोटो काढला आणि त्यात जोडवं पोटाच्या बाहेर! खालच्या लोकरीत गुंतून बसलेलं. काकांनी कात्रीनं ते मोकळं करून म्हातारीच्या हातावर ठेवलं. डॉक्टर परत आले तेव्हा रजिस्टरात ‘नाव : मेंढी, वय : तीन वर्षं, तक्रार : जोडवं’ अशी नोंद बघून इतके संतापले, की काकांना दोन दिवस घरी बसवलं. काका घरी बसून ज्याला त्याला सांगत, “एका फोटोनं मेंढी मेली असती. दुसऱ्यानं वाचली.”

त्यानंतर दवाखान्यात सोनोग्राफी आली, तशी काकांनी नवीनच रीत सुरू केली. पेशंटचा एक्स-रे दिव्याच्या पेटीवर लावायचा, त्यावर सोनोग्राफीचा छोटा कागद सरकवत सरकवत बसवायचा, आणि एक डोळा मिटून बघायचं. दोन्ही चित्रांची मापं वेगळी, त्यामुळं मूत्रपिंड खांद्यावर जायचं. पण काका हटत नसत. “एक फोटो सांगतो माणूस कसा बांधलाय. दुसरा सांगतो कसा चालून राहिला. दोन्ही एका जागी बसले पायजेत, मास्तर.” डॉक्टर हसत. मीही हसत असे.

मग दोन हजार साल उलटून गेल्यावर, काका निवृत्त झाल्यानंतर, एका सकाळी ते वर्तमानपत्र फडकावत माझ्या दारात आले. परदेशात दोन मशिनी एकत्र जोडल्या होत्या, आणि त्यातून काळजाचं एकच चित्र निघत होतं. आपल्या देशातही मोठ्या शहरांत ती आली होती. “मास्तर, आपली कल्पना पळवली,” काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, धाप होती. त्यांनी माझ्याकडून एक पोस्टकार्ड लिहून घेतलं. ‘मशीन बनवणारे साहेब, जर्मनी’ असा पत्ता घातला. मजकूर एवढाच, की हे काम हिंगोलीत आधी झालेलं आहे, तरी तुम्ही केलं ते चांगलं केलं, कळावे. कार्ड पोस्टमनच परत घेऊन आला. काकांनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, “पाठीचं कसं हाय? चौथा मणका?”

धाप मात्र त्या दिवसानंतर माझ्या डोक्यात राहिली. दोन पायऱ्या चढले की काका थांबायचे आणि समोरच्या भिंतीत काहीतरी रस असल्यासारखे बघत उभे राहायचे. शेवटी काकूंनी त्यांना डॉक्टरांपुढं बसवलं. ईसीजीची पट्टी काढली, ती धड चांगली नाही, धड वाईट नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी पळत्या पट्ट्यावर चालवून बघायचं म्हटलं, तर गुडघ्यांनी नकार दिला. तेव्हा ते म्हणाले, हैदराबादला जा. तिथं एक नवीन मशीन आहे, दोन मशिनींचं मिळून एक. काकांनी दवाखान्यातच टाळी वाजवली. काळजाला काही झालेलं असू शकतं, हे त्यांच्या कानावर गेलंच नव्हतं.

दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मी सोबत निघालो. त्यांची एकुलती मुलगी वाशीमला, तिच्या पदरात लहान लेकरू. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला, काखेला अत्तर लावलं. काकू म्हणाल्या, “तपासायला चालले का सोयरीक जमवायला?” अडचण एकच होती. तपासणीच्या आधी पुरा एक दिवस चहा बंद, असं सांगितलं होतं. दिवसाला बारा कप पिणारा माणूस. नांदेडच्या स्टेशनवर ‘चाय, चाय’ ऐकून तो कासावीस झाला. सिकंदराबादपर्यंत काकू त्यांच्या आणि खिडकीच्या मधे बसून राहिल्या.

हॉस्पिटल भलं मोठं. मशीन बघून काका देवळात आल्यासारखे चपला काढून उभे राहिले. तिथल्या मुलीनं समजावून सांगितलं. एक मशीन काळजाचा नकाशा काढतं. भिंती कुठं, फुप्फुस कुठं. दुसऱ्यासाठी हाताच्या शिरेत औषध सोडतात; रक्त जिथं जिथं पोचतं तिथं ते चित्रात उजेड करतं, पोचत नाही तिथं अंधार. मग उजेडाचं रंगीत चित्र त्या राखाडी नकाशावर बसवायचं. काका माझ्याकडं वळून एवढंच म्हणाले, “बराबर.” मुलगी पुढं म्हणाली, “काका, सांस नक्को रोको जी. आराम से लेते रहना.” काकांनी मान हलवली. आत जाताना त्यांनी मागं वळून काकूंना हात केला, परदेशी निघालेल्या माणसासारखा.

दुपारी डॉक्टरबाईंनी बोलावलं. पस्तिशीच्या, शांत, हळू बोलणाऱ्या. पडद्यावर काकांचं काळीज होतं. केशरी, पिवळं, आणि एका बाजूला मोठा काळा डाग. “काका, ये बाजू की दीवार को खून कम जा रहा. एक-दो दिन में नली डालके देखना पडता. बायपास भी लग सकता.” त्या बोलत होत्या आणि काकूंनी पिशवीचे दोन्ही बंद एका हातात गच्च धरले होते. बायपास हा शब्द त्यांना कळत होता. आमच्या गल्लीतले एकजण त्यासाठी गेले होते आणि परत आले नव्हते.

काका पडद्याकडं बघत होते. “मॅडम, दोनों फोटो अलग अलग दिखाओ. फिर एक के ऊपर एक.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही काय वेळ होती? “काका, राहू द्या ना,” मी म्हणालो. पण बाईंनी दाखवलं. आधी राखाडी नकाशा, मग रंगीत चित्र, मग एकावर एक. काकांनी एक डोळा मिटला. मग ते खुर्ची पुढं ओढून, पडद्याला नाक लावून म्हणाले, “ये बैठा नहीं, मॅडम. रंग का काळीज फुप्फुस में घुसरा.” आणि बोट ठेवलं. मला काही कळलं नाही. पण बाई पुढं झुकल्या. रंगीत काळजाची कड खरंच नकाशातल्या काळजाच्या बाहेर, फुप्फुसावर गेली होती. काळा डाग नेमका तिथंच होता.

बाई म्हणाल्या, दोन चित्रं नीट जुळली नाहीत तर असा खोटा डाग पडू शकतो. पण असं का व्हावं? पेशंट हलला होता का? त्यांनी त्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, हलले नाहीत, अगदी दगडासारखे होते.

काकांचं तोंड एवढंसं झालं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ते मराठीतच बोलले, कुणाकडं न बघता. “तिची चूक न्हाई. माझी हाय. नकाशाचं मशीन फिरायला लागलं तसा मी भरून श्वास घेतला आन् धरला. तीस साल लोकांना सांगून राहिलो. तिनं सांगितलं होतं, नको धरू. मी ऐकलं न्हाई.” मी ते बाईंना हिंदीत सांगितलं. मुलगी हसायची थांबेना, बाईही हसल्या. काकू मात्र हसल्या नाहीत. “मंग ते काळं खोटं हाय का खरं?” त्यांनी विचारलं. ते कुणालाच सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळं करायचं ठरलं. म्हणजे आणखी एक दिवस चहा नाही.

लॉजच्या गॅलरीत संध्याकाळभर काकांनी नुसता श्वास घ्यायचा सराव केला. एरवी माणसाला श्वास घ्यायला शिकावं लागत नाही, पण काकांना लागलं. काकू समोर बसून म्हणत होत्या, “घ्या... सोडा... धरू नका म्हणलं ना!” मी पाहत होतो. दोघांपैकी घाबरलेलं कोण होतं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी चित्रं एकमेकांवर बसली. तो मोठा डाग निघून गेला होता. भिंत केशरी, कडेपर्यंत उजेड. बायपास नको, नळी नको, गोळ्या पुरे. पण काळजाच्या खालच्या टोकाला नखाएवढा एक काळा ठिपका राहिला होता, आणि तो दोन्ही दिवशी तिथंच होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा जुना आहे. कधीतरी एक छोटा झटका येऊन गेला, एवढा तुकडा तेव्हाच मेला. “काका, कभी छाती में जोर का दर्द हुआ था?”

“न्हाई,” काका म्हणाले. “कभी नहीं.”

काकू बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

परत येताना नांदेडहून आम्ही एस.टी. धरली. काकांनी स्टॅंडवर लागोपाठ तीन कप चहा घेतला होता आणि ते खिडकीशी खुशीत होते. वारंगा फाटा मागं गेला तेव्हा काकूंनी विचारलं, “बारशाचा दिवस होता ना तो?”

काकांनी खिडकीबाहेर तोंड केलं.

“आपल्या नातीच्या, छकुलीच्या बारशाचा. घर माणसांनी भरलं होतं, पीठ सरलं होतं. मी तुमाला गव्हाचा डबा देऊन गिरणीला धाडलं. घामानं निथळत आलात. म्हणलात गॅस झाला. मी ओवा दिला, आन् वर बोलले, बाजारात भजी खाल्ली असतील म्हणून. आन् परत धाडलं, पीठ आणायला.” त्यांचा आवाज चढला नाही. “तुमाला कळलं होतं का?”

बाहेर कापसाची शेतं जात होती.

“व्हय,” ते म्हणाले. “वाटलं होतं.”

“मंग बोलले काहून न्हाई?”

“लेकराचं नाव ठिवायचं होतं. तू पाळणा म्हणून राहिली होतीस.”

त्या बारशाला मीही होतो. ओट्यावर बसून गूळ-घुगऱ्या खात होतो. काका डबा घेऊन समोरून गेले होते, मला ते आठवलं. ‘द्या इकडं’ म्हणायला मी उठलो नव्हतो. मी तोंड फिरवून बसलो. आखाडा बाळापूर आलं, गेलं. कळमनुरी आली, तिथं गाडी दहा मिनिटं थांबली. हिंगोलीच्या अलीकडं काकू पिशवी मांडीवरून उचलत म्हणाल्या, “उद्यापासून दळण मी नेणार.” आणि विषय संपला.

काकांनी वाद घालून पाहिला. डॉक्टरबाईंनी हलकं काम करायला सांगितलंय, निम्मा डबा नेतो, सायकलवर नेतो. काकू ऐकेनात. मग एकटीला पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून काका सोबत जायला लागले. आमच्या गल्लीत दर सोमवारी सकाळी ती वरात निघायची. पुढं काकू, कमरेवर डबा. चार पावलं मागं काका, हातात नुसतं झाकण. झाकण काकूंनीच दिलं होतं, रिकाम्या हातानं चालताना त्यांना लाज वाटते म्हणून. लोक बघायचे. काका मोठ्यानं म्हणायचे, “बघा मास्तर, जन्मभर राबलो आन् शेवटी हाती काय आलं? झाकण!” काकू मागं न बघता म्हणायच्या, “ते तरी सांभाळून धरा.”

पुढं माझी बदली वसमतला झाली. सामानाचा टेम्पो निघाला तो सोमवार होता. ती दोघं नुकतीच गिरणीवरून येत होती. टेम्पोला वाट द्यायला ती कडेला थांबली. काकूंनी डबा ओट्यावर टेकवला, पदरानं तोंड पुसलं. काकांना मला हात करायचा होता, पण हातात झाकण. त्यांनी ते काळजीपूर्वक डब्यावर बसवलं, मग हात वर केला, आणि टेम्पो वळेपर्यंत तो खाली घेतला नाही.